पंचगंगेतली दाढ

१९५५ सालच्या जूनअखेरीस एक गृहस्थ आमच्या कॉलेजच्या भूगर्भशास्त्राच्या खोलीत आले. अंगात पांढरा सदरा, सदऱ्याच्या खिशाला इंजिनच्या तेलाचा डाग, डोक्यावर काळी टोपी आणि काखेत बेअरिंगचं रिकामं खोकं. चपला दाराबाहेर काढल्या, आत डोकावून पाहिलं आणि मला विचारलं, "दगडाचा दाखला हितंच मिळतोय का?"

कॉलेजात डेमॉन्स्ट्रेटर म्हणून लागून मला एक वर्ष झालं होतं. शाळा सोडल्याचा दाखला, वयाचा दाखला, चांगल्या वर्तणुकीचा दाखला हे ठाऊक होते. दगडाचा दाखला मला नवीन होता. कसला दाखला म्हणून विचारलं, तर त्यांनी खोकं टेबलावर ठेवलं आणि वरच्या चिंध्या एकेक करून बाजूला केल्या. आत काळसर तपकिरी रंगाची एक वस्तू होती. सहा इंच लांब, वरून सपाट आणि त्या सपाट बाजूवर ओळीनं सात आडवे कंगोरे.

ती वस्तू मी फक्त पुस्तकातल्या चित्रात पाहिली होती. मी आमच्या देशिंगकर सरांना बोलवायला धावलो. सर आले. त्यांनी वस्तू दोनदा फिरवून पाहिली, चष्मा काढून पुसला, पुन्हा पाहिली आणि म्हणाले, "अहो, ही हत्तीची दाढ आहे. फार जुनी. दगड झालेली."

गृहस्थांनी मागं वळून पाहिलं. खोलीत आम्हा तिघांखेरीज कुणी नव्हतं. तरी ते आवाज खाली आणून म्हणाले, "दाढ हाय ते मला म्हाईत हाय, सायेब. कुनाची ते म्हाईत न्हवतं. पर तुमी दगड म्हणून लिवून द्या."

अण्णाप्पा मगदुमांची आणि माझी ओळख झाली ती अशी. पुढच्या महिनाभरात मी त्यांच्याबरोबर इतका हिंडलो, की देशिंगकर सरांनी मला एकदा विचारलं, तुमचा पगार कॉलेज देतं की मगदूम.

अण्णाप्पा मूळचे रुकडीचे. जैन शेतकरी घर, नदीकाठची मळी जमीन. थोरला भाऊ शेती बघायचा आणि अण्णाप्पांचं लक्ष लहानपणापासून मोटेपेक्षा मोटेच्या चाकाकडं. मराठी सातवी झाल्यावर ते कोल्हापुरात आले, एका फौंड्रीत राहिले आणि तिथून इंजिन जोडण्याच्या कामाला लागले. लढाईनंतर आमच्याकडं ऑइल इंजिनांची लाट आली. ज्याची जमीन नदीला लागून, त्याला पंप हवा. अण्णाप्पांनी शाहूपुरीत घर घेतलं, पुढच्या खोलीत कारखाना मांडला, मागच्या दोन खोल्यांत संसार. संसारात तीन माणसं: ते, बायको राजमती आणि आई पद्मावती. आईला सगळी पेठ पद्माक्का म्हणायची, अण्णाप्पा अव्वा म्हणायचे.

पंपाच्या नळाच्या पाण्यातल्या टोकाला एक झडप असते, तिला फूटवाल म्हणतात. तिला खाली जाळी असते, म्हणजे गाळ आणि खडे आत जाऊ नयेत. उन्हाळ्यात नदी उतरली की ही जाळी तळाला टेकते, चोंदते आणि पंप नुसता धापा टाकतो. मग माणूस सायकल घेऊन शाहूपुरीत येणार, अण्णाप्पा पाण्यात उतरणार आणि जाळी मोकळी करणार. दर वर्षी एप्रिल-मे हे दोन महिने त्यांचे निम्मे नदीतच जायचे.

१९४९ च्या मे महिन्यात एका जाळीच्या भोकात एक काळा खडा घट्ट अडकला होता. पान्यानं ठोकून काढला. हातात घेतला तर दगडापेक्षा जड आणि एका बाजूला चंद्रकोरीसारखी नक्षी. दुसरा कुणी असता तर नदीत भिरकावून मोकळा झाला असता. अण्णाप्पांनी तो खिशात घातला, कारण जिथं नक्षी आहे तिथं कुणाचं तरी काम आहे, असं त्यांना फौंड्रीत शिकवलेलं.

ही नक्षी कुणाची, याचा त्यांनी जो छडा लावला तो मला फार आवडतो. आधी ते गुरांच्या बाजारात गेले. तिथले दलाल बैलाचा खालचा ओठ ओढून आदत, दोन दाती, चार दाती, जुळलेला असं त्याचं वय क्षणात सांगतात. त्यांनी खडा पाहिला आणि हसले. असला दात कुठल्या जनावराला नसतो म्हणाले. अण्णाप्पांच्या चार दिवसांनी लक्षात आलं, की दलाल आयुष्यभर बैलाचे पुढचेच दात बघतो. मागं दाढा कशा असतात हे त्यालाही ठाऊक नसतं. मग ते रुकडीला गेले आणि भावाच्या बैलाच्या तोंडात कोपरापर्यंत हात घातला. बैलानं बोटं चेंगरली. दुसऱ्या वेळेला त्यांनी दाढेचा ठसा घ्यायला कणकेचा गोळा नेला, तो बैलानं खाल्ला आणि आणखी मिळेल म्हणून मान पुढं केली. तिसऱ्या वेळेला फौंड्रीतली साच्याची चिकणमाती नेली. ती बैलाला आवडली नाही, त्यानं चावून थुंकली, आणि थुंकलेल्या मातीवर चंद्रकोरी उमटल्या होत्या. नदीतल्या खड्यावर होत्या तशाच. फक्त खड्यावरच्या चंद्रकोरी मातीवरच्यांपेक्षा दीडपट मोठ्या होत्या.

"म्हंजे बैलच, पर केवढा बैल बघा की," हे सांगताना अण्णाप्पांचे डोळे अजून मोठे होतात.

तेव्हापासून ते जाळी साफ करायला गेले की नदीचा तळ चाळून यायला लागले. नदीच्या एका वळणावर, चुन्यानं घट्ट झालेल्या खडीचा एक थर उन्हाळ्यात उघडा पडतो, तो त्यांनी हेरला. सहा वर्षांत अकरा दात जमले. सगळ्यांना दोऱ्यानं बांधलेली चिठ्ठी, चिठ्ठीवर तारीख, नदी किती फूट उतरली होती आणि कुणाच्या पंपाजवळ. आमच्या विद्यार्थ्यांच्या वह्या इतक्या नीट नसतात. दहा दात बैलांचे. अकरावी ही कंगोऱ्यांची दाढ, १९५३ ची. ती त्यांना पहिल्यांदा मोठी कानसच वाटली होती, लोखंड घासायची. बैलाच्या तोंडात ती बसेना आणि दुसरं कुणाचं तोंड उघडून बघायला मिळेना.

हे सगळं घरात माळ्यावर एका पत्र्याच्या पेटीत होतं. पेटीत काय आहे असं आईनं पहिल्याच वर्षी विचारलं होतं आणि अण्णाप्पांनी सांगितलं होतं, नदीतले दगड.

जैन घरात हाड ठेवत नाहीत. आणि पद्माक्कांच्या घरात तर चाकूची मूठसुद्धा शिंगाची चालत नसे. त्यातच त्या वर्षी कोल्हापुरात एका मुनिमहाराजांचा चातुर्मास ठरला. महाराज दिवसातून एकदाच, उभ्यानं, ओंजळीत आहार घेतात. तो आपल्या घरी व्हावा म्हणून पेठेतली घरं दारात कलश घेऊन उभी राहतात. पद्माक्का नवरा गेल्यापासून, म्हणजे सतरा वर्षं, या एका दिवसाची वाट पाहत होत्या. आहार चालू असताना हाड नजरेला पडलं, केस दिसला, मेलेला किडा दिसला, तर महाराज ओंजळ सोडतात आणि त्या दिवशी उपाशीच परततात. याला अंतराय म्हणतात. ज्या घरी अंतराय झाला त्या घरची बाई तो दिवस जन्मभर विसरत नाही.

जूनमध्ये पद्माक्कांनी घर झाडायला काढलं. माळ्यावरची पेटी खाली आली, उघडली. त्या काही दलाल नव्हत्या. शेतकऱ्याच्या घरातल्या, गुरं मेलेली आणि पुरलेली पाहिलेल्या. त्यांनी एक दात उचलला आणि लगेच खाली ठेवला. मुलाला समोर बसवून त्यांनी निकाल दिला: दगड असतील तर राहू देत, हाडं असतील तर चातुर्मास लागायच्या आत पंचगंगेत. आणि हे तू सांगून चालणार नाही. घराबाहेरच्या शिकलेल्या माणसाकडून लिहून आण.

म्हणून अण्णाप्पा बेअरिंगचं खोकं घेऊन आमच्याकडं आले होते. सहा वर्षांची पेटी एका कागदावर टिकणार होती.

देशिंगकर सर अडचणीत आले. ते खोटं लिहिणाऱ्यांतले नव्हते आणि अशी दाढ नदीत जाऊ देणाऱ्यांतलेही नव्हते. ते म्हणाले, आधी ती किती दगड आहे हे तपासू. त्यांनी दाढेची तुटकी कड जिभेला लावली. जुन्या हाडाला बारीक छिद्रं असतात, ते जिभेला चिकटतं, ही आमच्या धंद्यातली साधी परीक्षा. दाढ चिकटली नाही; तिची छिद्रं भरून गेली होती. अण्णाप्पांनी तोंड फिरवून घेतलं आणि झालं का म्हणून दोनदा विचारलं. मग सरांनी स्वतःच्या डोक्यावरचा एक केस उपटून बर्नरवर धरला. खोलीभर जळका वास सुटला. ताज्या हाडाला, नखाला असाच वास येतो, सर म्हणाले. दाढेची एक चिमूट पूड त्याच ज्योतीत धरली. ती लाल झाली, पांढरी झाली, वास काहीच आला नाही. प्राण्याच्या देहातलं आता यात काही शिल्लक नाही. चुना आहे, वाळूतलं द्रव्य आहे, लोखंड आहे.

"म्हंजे दगड," अण्णाप्पा म्हणाले.

"द्रव्यानं दगड. घडणीनं दाढ," सर म्हणाले.

अण्णाप्पांनी विनवलं, की त्यातलं पहिलंच लिहा. सरांनी दोन दिवस मागून घेतले आणि बाकीचे दहा दातही आणून दाखवायला सांगितले.

दोन दिवस गप्प बसणं अण्णाप्पांच्या स्वभावात नव्हतं. शिवाय हत्तीची दाढ हे सरांनी पुस्तकावरून सांगितलेलं त्यांना पुरेसं नव्हतं. चित्र बघून कुणी पंप बसवत नाही, बसवून बघायला लागतं, असं ते मला म्हणाले. कोल्हापूर संस्थान विलीन झालं होतं, पण हत्ती कशात विलीन करणार? एक म्हातारी हत्तीण अजून होती आणि दसऱ्याला बाहेर निघायची. तिचा माहूत ज्ञानू अण्णाप्पांच्या ओळखीचा निघाला, कारण हत्तिणीच्या हौदाचा पंप त्यांनीच बसवला होता.

आम्ही दोघं सकाळी गेलो. ज्ञानू हत्तिणीला कडबा घालत होता. आम्ही खोकं उघडलं. त्यानं दाढ पाहिली, आमच्याकडं पाहिलं आणि विचारलं, "माझ्या कोनाड्यातली कुणी आनली?"

त्याला वाटलं त्याचीच चोरली. तो खोलीत जाऊन आला तेव्हा त्याच्या हातात फडक्यात गुंडाळलेला एक पिवळट तुकडा होता. हत्तिणीची दाढ, चार वर्षांपूर्वी पडलेली. हत्तीच्या दाढा आपल्यासारख्या खालून येत नाहीत, हे मला पुस्तकातून ठाऊक होतं. मागून नवी दाढ येते, ती जुनीला पुढं ढकलत नेते, आणि झिजून झिजून जुनी तोंडातून गळून पडते. ज्ञानूला हे पुस्तकाशिवाय ठाऊक होतं. दाढ हलायला लागली की हत्तीण चार-पाच दिवस ऊस चोखते पण चावत नाही, म्हणाला.

अण्णाप्पांनी दोन्ही दाढा ओट्यावर शेजारी शेजारी ठेवल्या. कंगोरे मोजले, खिशातल्या कॅलिपरनं दोन कंगोऱ्यांतलं अंतर घेतलं. नदीतली थोडी रुंद, कंगोरे थोडे जाड, बाकी घडण एकच. हत्तिणीनं ज्ञानूच्या सांगण्यावरून तोंड उघडलं तेव्हा अण्णाप्पा आत इतके वाकले, की मी मागून त्यांचा सदरा धरला. बाहेर आले तेव्हा टोपीवर लाळ होती आणि चेहऱ्यावर नवी दाढ आलेल्या पोरासारखा आनंद.

ज्ञानूनं आमची दाढ उलटी केली. मुळाच्या बाजूवर बोट फिरवलं. मुळं नव्हती, नुसती खळगी होती आणि पुढची कड झिजून सपाट झाली होती. "पावणं, ही पडल्याली हाय," तो म्हणाला. "मेल्याच्या तोंडात दाढंला मुळं ऱ्हात्यात. ही त्यानं जित्तेपणी टाकली आनि गेला की पुढं चरायला."

परतताना अर्ध्या रस्त्यात अण्णाप्पा एकदम म्हणाले, की मग काम सोपं झालं. मेलेल्याचं हाड नव्हे, पडलेला दात. हे अव्वाला चालेल.

बस्तीत, म्हणजे त्यांच्या मंदिरात, जे उपाध्ये होते, त्यांच्याकडं ते त्याच संध्याकाळी गेले. उपाध्ये पंच्याऐंशीचे, शांत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, की कापलेलं नख आणि गळलेला केस हे जिवंत माणसाचेच असतात, ते तरी आहाराला कुठं चालतात? अण्णाप्पांनी लगेच बाजू बदलली आणि म्हणाले, की पण कॉलेजच्या परीक्षेप्रमाणं तो दगड आहे. त्यावर उपाध्ये म्हणाले, की नदीच्या पोटातला दगड हासुद्धा आपल्या शास्त्रात जीवच आहे, त्याला तू पान्यानं ठोकून काढलास त्याचं काय. अण्णाप्पा दोन्हीकडून अडकले. नमस्कार करून घरी आले.

तिसऱ्या दिवशी देशिंगकर सरांनी त्यांच्या हातात दोन कागद ठेवले. एकावर लिहिलं होतं: नमुन्यात सेंद्रिय द्रव्य आढळलं नाही, सध्याच्या अवस्थेत तो पूर्णपणे खनिज आहे. दुसऱ्यावर: नमुना हत्तीच्या कुळातल्या, आता नामशेष झालेल्या प्राण्याची झिजून पडलेली दाढ आहे, सोबतचे दहा नमुने रानबैलांच्या दाढा आहेत. दोन्ही खरे, दोन्हीखाली सही आणि कॉलेजचा शिक्का. "कुठला दाखवायचा ते तुमचं तुम्ही ठरवा," सर म्हणाले. मला तेव्हा वाटलं, सरांनी सगळा भार त्यांच्यावर टाकला. आता वाटतं, तो त्यांच्याच डोक्यावर शोभणारा होता.

पुढचं मी पाहिलेलं नाही. अण्णाप्पांनी सांगितलं ते सांगतो.

त्यांनी घरी जाऊन पहिला कागद काढला. पद्माक्कांना वाचता येत नव्हतं. त्यांनी शिक्का निरखून पाहिला आणि वाच म्हणाल्या. अण्णाप्पांनी वाचलं. खनिज म्हणजे काय, तर दगड. पद्माक्कांनी कागद कपाळाला लावला, बरं झालं म्हणाल्या, आणि उगीच पोरावर संशय घेतला म्हणून त्या दिवशी त्याच्यासाठी पुरणाच्या पोळ्या केल्या. पेटी परत माळ्यावर गेली. दुसरा कागद अण्णाप्पांच्या खिशात, तेलाच्या डागामागं.

ते जिंकले होते. चार दिवस ते गुणगुणत कामावर गेले, असं राजमतीबाई सांगतात.

पाचव्या दिवशी दुपारी ते जेवायला आले तर मागच्या अंगणात नळापाशी त्यांची दाढ पडलेली. आहाराच्या दिवशी आत जाणाऱ्या प्रत्येकाला पाय स्वच्छ धुऊन यावं लागतं. आला-गेला टाचा घासणार, त्याला खरबरीत दगड पाहिजे. आणि घरात एवढा चांगला कंगोऱ्यांचा दगड असताना विकत कशाला आणायचा, म्हणून पद्माक्कांनी तो माळ्यावरून काढून रिठ्याच्या पाण्यानं धुतला होता. दोऱ्याची चिठ्ठी तोडून फेकली होती. शेजारच्या बायडाबाई कसा दगड आहे ते बघायला आल्या होत्या आणि एक पाय वर करून टाच घासत होत्या. "लई बेस लागतोय गं, पद्माक्का," म्हणत होत्या.

अण्णाप्पा सांगतात, की पहिल्यांदा त्यांनी स्वतःला समजावलं. चार महिन्यांचा प्रश्न. चातुर्मास संपला की धुऊन परत ठेवू. बायडाबाईंनी पाय बदलला. दुसरी टाच त्यांनी कंगोऱ्याच्या कडेवर धरली, जिथं त्या हत्तीनं त्या दाढेखाली शेवटचं गवत दळलं असेल तिथं.

"अव्वा," ते म्हणाले, "तो दगड न्हाय."

बायडाबाई पाय खाली ठेवायला विसरल्या. पद्माक्कांनी मुलाकडं पाहिलं, मग हात नळाखाली धरले. धुतले, पुसले आणि पायरीवर बसल्या. सहा वर्षं खोटं बोललास, म्हणाल्या. अण्णाप्पा म्हणाले, खोटं नव्हे, अर्धं. त्यांनी खिशातला दुसरा कागद काढला आणि वाचला. रानबैलांचं वाचलं, हत्तीचंही वाचलं. बायडाबाईंनी मधेच नळ सोडला आणि टाच खसाखसा धुतली.

पद्माक्कांनी एकच विचारलं, "मारल्याला व्हता?"

न्हाय, पडल्याली हाय, म्हणून अण्णाप्पा सांगायला लागले आणि थांबेनात. बैलानं कणीक खाल्ली ते सांगितलं, ज्ञानूची हत्तीण दाढ हलायला लागली की ऊस कसा चोखते ते सांगितलं, नदी तेव्हा किती रुंद असेल आणि काठाला केवढं गवत असेल ते सांगितलं. सहा वर्षांत घरात हे बोलायला मिळालं नव्हतं. जेवण निवलं. पद्माक्का मधे मधे विचारत होत्या: मग त्याला नवी दाढ आली का? ते बैल नांगराला होते का? नांगर तेव्हा निघाला नव्हता, हे ऐकून त्यांना त्या बैलांचं बरं वाटलं.

मग त्या उठल्या आणि म्हणाल्या, "घरात ठेवायचं न्हाय ते. आनि नदीतबी टाकायचं न्हाय. उद्या कुनाच्या तरी पंपात अडकंल, आनि तूच जाशील की काढाया."

दुसऱ्या दिवशी कॉलेजच्या दारात टांगा थांबला. पुढं पद्माक्का, मागं पेटी मांडीवर घेऊन अण्णाप्पा. आहार पुढं श्रावणात झाला आणि निर्विघ्न झाला, हे इथंच सांगून टाकतो. पण त्या दिवशी पद्माक्का आल्या होत्या त्या, मुलाच्या वस्तू कुठं राहणार ते बघायला.

अण्णाप्पांचा निरोप आदल्या संध्याकाळीच आला होता, म्हणून देशिंगकर सरांनी एक अख्खं कपाट रिकामं करून ठेवलं होतं. दाढ मधल्या फळीवर ठेवली. मी सुवाच्य अक्षरात कार्ड लिहून आणलं होतं: हत्तीच्या कुळातील प्राण्याची दाढ, पंचगंगा नदी, १९५३, श्री. अण्णाप्पा मगदूम यांजकडून. अण्णाप्पांनी आईला ते वाचून दाखवलं.

पद्माक्कांचं लक्ष शेजारच्या कपाटाकडं होतं. ते प्राणिशास्त्राचं. त्यात वाघाची कवटी आणि गव्याची शिंगं, जुन्या सरदार घराण्यांनी दिलेली. त्या कार्डावर काय आहे, त्यांनी विचारलं. अण्णाप्पांनी वाचलं: अमुक सरदारांनी अमुक साली राधानगरीच्या रानात मारलेला. दुसरं वाचलं. तेही तसंच.

पद्माक्का म्हणाल्या, "आनि ह्याच्या शेजारी माझ्या पोराचं नाव?"

सर म्हणाले, की ही वेगळी गोष्ट आहे, बघणाऱ्याला कळतं. त्या म्हणाल्या, कसं कळतं? त्याच्यावर लिहिलंय मारलेला, ह्याच्यावर काहीच लिहिलेलं नाही. वाचणारा म्हणणार, मगदुमाच्या पोरानं हत्ती मारला. सर म्हणाले, नमुन्याच्या कार्डावर शास्त्रीय माहितीच लिहायची पद्धत आहे.

"मास्तर, मारल्यालं लिवलं तर ते शास्त्र. मग न्हाय मारल्यालं लिवलं तर ते का न्हाय?"

सरांनी माझ्याकडं पाहिलं. मी खिशातून पेन काढून दिलं. सरांनी स्वतः कार्डावर खाली एक ओळ वाढवली: आपोआप पडलेली. मारलेली नाही. विद्यापीठाचे तपासनीस दर वर्षी ती ओळ वाचून भुवया चढवतात. नमुना देणाऱ्यांची अट आहे, असं सर सांगतात.

मग दहा बैलांच्या दाढांचा प्रश्न आला. पद्माक्कांनी विचारलं, ह्याही पडलेल्या का? सरांना खोटं बोलता येत नव्हतं. नाही म्हणाले. बैलाच्या दाढा अशा पडत नाहीत, ती जनावरं मेली तेव्हाच्या आहेत. कशानं मेली ते सांगता येत नाही. पुरानं असेल.

पद्माक्कांनी मान हलवली. जनावर जायला लागलं की त्याच्या कानात णमोकार मंत्र म्हणायचा, ही त्यांच्या घरची रीत. पद्माक्का कपाटासमोर सरळ उभ्या राहिल्या, डोक्यावरचा पदर सारखा केला, हात जोडले आणि हलक्या आवाजात णमोकार म्हणायला लागल्या. एका दाढेसमोर एकदा, मग पाऊलभर सरकून दुसरीसमोर. अण्णाप्पांनी टोपी सारखी केली. देशिंगकर सर हातातलं पेन बंद न करता तसेच उभे होते. दहा वेळा झाल्यावर त्या थांबल्या आणि विचारलं, किती वर्षं झाली असतील. लाखभर तरी, सर म्हणाले.

"उशीर झाला म्हनायचा," पद्माक्का म्हणाल्या, आणि मुलाला टांगा बोलवायला सांगितलं, कारण घरी डाळ निवडायची राहिली होती.